देवमाशाची वाट

मुरूडकडचे आमचे म्हातारे समुद्राचा इतिहास सांगताना सन कधीच सांगत नाहीत. त्यांचे काळ तीन. शिडाचा मचवा होता तो काळ, मशीन बसलं तो काळ आणि दर्यात दिवे लागले तो काळ. हे दिवे तेलविहिरींवरचे. किनाऱ्यावर उभं राहून ते दिसत नाहीत, कारण ते मुंबईच्या पश्चिमेला जवळजवळ १६० किलोमीटर आत आहेत. पण घोळीच्या मागे लांब गेलेल्या बोटींना रात्री क्षितिजाशी तांबूस उजेड दिसायचा. तेलाबरोबर वर येणारा वायू जाळतात, त्याची ती ज्योत. परत आलेले खलाशी सांगायचे, तिकडे रात्रच होत नाही.

माझे आजोबा तांडेल होते. त्यांचा दर्यावरचा सगळा जन्म पहिल्या दोन काळांत गेला. तिसरा काळ त्यांनी पडवीत बसून, मुलांच्या तोंडून ऐकला. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पडवीत जाळी दुरुस्त करायचं काम निघे आणि त्या कामाबरोबर गोष्टी निघत. वादळाच्या, हरवलेल्या होडीच्या, जंजिऱ्याच्या तटाखालून रात्री वल्हवत काढलेल्या मचव्याच्या. आम्ही नातवंडं मात्र पुन्हा पुन्हा देवमाशाचीच गोष्ट मागायचो.

दिवाळीनंतरचे दिवस. कांसा किल्ला दिसेनासा होऊन मागच्या डोंगराचा माथा तेवढा दिसत राहील इतक्या लांब, वीस वाव पाण्यात जाळी टाकलेली. वारा पडलेला. उजाडायच्या आधी पहिल्यांदा वास आला, शिळ्या मासळीचा. मग आवाज आला, लोहाराचा भाता एकदम दाबावा तसा. सगळे उठून बसले. पाण्यातून पाठ वर आली, सरकत राहिली, संपेचना. ती जाळ्याच्या रोखानंच येत होती. आजोबा तेव्हा विशीतले, साधे खलाशी. तांडेल त्यांचे काका. काका एवढंच बोलले, "जाली उचला. त्याची वाट हाय ती." अर्धीमुर्धी जाळी ओढून घेतली, उरलेली तोडून सोडून दिली, नारळ पाण्यात सोडला आणि शीड न उभारता सगळे गप्प बसून राहिले. देवमासा मचव्याच्या बाजूनं निघून गेला. त्या फेरीत घरी काही आलं नाही. काकांना कुणी त्याचा जाब विचारला नाही.

या गोष्टीत आजोबा भर घालत नसत. कुणी मध्येच 'डोंगराएवढा' म्हटलं की थांबवायचे आणि सांगायचे, आपल्या मचव्याच्या दीडपट, त्याहून जास्त नाही. शिवाय ते देवमाशांच्या दोन जाती सांगायचे. एक लांबट, काळसर, डोक्यावर तीन वरंबे असलेला. तो बुडताना शेपूट वर काढत नाही. दुसरा आखूड नि जाड, पाठीवर उंचवटा, दोन्ही बाजूंना फार लांब हात; तो बुडताना शेपूट पुरी उभी करतो. लहानपणी आम्हाला यात काही विशेष वाटायचं नाही. पुढे मी सागरी सस्तन प्राण्यांबद्दल वाचायला लागले तेव्हा ते वरंबे पुस्तकात भेटले. डोक्यावरचे तीन समांतर कंगोरे ही ब्राइड्स देवमाशाची खूण. आणि शरीराच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे हात ही हंपबॅक देवमाशाची. आमच्या पडवीत ही वर्गवारी कुणी पुस्तक उघडायच्या आधीच झालेली होती.

म्हणून या गोष्टींकडे मी नुसत्या गोष्टी म्हणून पाहत नाही. तेलविहिरी येण्याआधी या किनाऱ्यासमोर देवमासे कुठे दिसत, कोणत्या महिन्यात दिसत, याची पद्धतशीर मोजदाद झालीच नव्हती. एखादं धूड किनाऱ्याला लागलं तर त्याची नोंद व्हायची. जिवंत देवमासे दर्यावर्दींच्या आठवणीत राहिले आणि त्यातले बहुतेक त्यांच्याबरोबर गेले.

लांब हातांचा देवमासा पुढे फारसा दिसला नाही, असं आजोबा म्हणायचे. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या क्षितिजापलीकडे काय झालं होतं ते जगालाच फार उशिरा कळलं. १९६५ आणि १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी आंतरराष्ट्रीय नियम धाब्यावर बसवून अरबी समुद्रात २४२ हंपबॅक देवमासे मारले. त्यातले जवळजवळ सगळे १९६६ च्या एका नोव्हेंबर महिन्यात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात. सरकारी आकड्यांत ही शिकार दाखवलीच नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९७ मध्ये युरी मिखालेव या शास्त्रज्ञानं ती उघड केली.

२४२ हा आकडा एरवी लहान वाटेल. पण अरबी समुद्रातला हंपबॅक जगातल्या बाकी हंपबॅकांपेक्षा वेगळा आहे. इतर हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरायला जातात आणि पिल्लांसाठी उष्ण पाण्यात येतात. हा अरबी समुद्र सोडून कुठेच जात नाही. मान्सूनच्या वाऱ्यांनी खालचं थंड, पोषक पाणी वर येतं आणि त्याला इथंच पोटभर मिळतं. जनुकांचा अभ्यास सांगतो की सुमारे ७०,००० वर्षं तो बाकीच्यांपासून तुटलेला आहे. ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीचे फोटो जुळवून केलेल्या मोजणीत त्यांची संख्या ८२ च्या आसपास निघाली. २००८ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं त्याला स्वतंत्रपणे संकटग्रस्त ठरवलं. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये एका मादीला उपग्रह-खूण लावली होती, लुबान तिचं नाव. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. त्याआधी असा प्रवास कधीच नोंदला गेला नव्हता. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनियंत्रांनीही हंपबॅकचं गाणं टिपलं आहे. म्हणजे तो आहे. थोडा आहे, पण आपल्या दारात आहे. ही बातमी मी वाचली तेव्हा आजोबा नव्हते. त्यांना ती सांगता आली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

दिवे लागले त्या काळाची गोष्ट आमच्याकडे आत्या सांगते. १९ फेब्रुवारी १९७४ ला 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या जहाजानं मुंबई हायला तेलाचा ठाव घेतला. आदल्याच वर्षी अरब देशांनी तेल रोखल्यामुळे जगभर भाव भडकले होते. रॉकेलच्या रांगेत आत्या उभी राहायची ती याच दिवसांत. रेडिओवर बातमी आली तेव्हा शाळेत मास्तरांनी फळ्यावर किनारा काढून, समुद्रात एक टिंब देऊन, तेल कुठं सापडलं ते दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो आनंद खोटा नव्हता. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं आणि पुढे एक काळ असा होता की देशात निघणाऱ्या तेलाचा निम्म्याहून मोठा वाटा त्या एका टिंबातून यायचा. आमच्या बोटीही डिझेलवरच चालतात. तेलावर काट मारून या विषयावर बोलता येत नाही, आणि मी तसं बोलणारही नाही. पण मास्तरांनी काढलेल्या त्या नकाशात टिंबाच्या आजूबाजूचं पाणी कोरं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं मोठ्या माणसांच्या नकाशांतही ते कोरंच राहिलं.

मे १९९३. हे मात्र मी स्वतः पाहिलं. आमच्याकडे मे म्हणजे वाळवणाचा महिना. जवळा, बोंबील, मांदेली, सगळं पावसाच्या आधी सुकवून डब्यांत भरायचं. मुंबई हायहून उरणला तेल आणणारी समुद्रतळाची वाहिनी त्या महिन्याच्या मध्यावर फुटली आणि काही हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. वारा आणि प्रवाह यांनी त्यातलं बरंच आमच्या बाजूला लोटलं. एका सकाळी वाळूवर आधी तपकिरी फेस दिसला आणि मग काळा, चिकट पट्टा. आजीनं सुकत घातलेली मासळी पाट्यांत भरून डोक्यावर घेऊन वरच्या आळीत नेली, कारण वाऱ्याबरोबर येणारा वास तिच्यात बसत होता. आमचे पाय काळे झाले. साबणानं निघेना, तेव्हा आईनं खोबरेल लावून चिंधीनं पुसले. किनारा साफ करायला माणसं आली. फावडी, घमेली, पोती. काही दिवसांनी वरची वाळू तरी पुन्हा वाळूसारखी दिसायला लागली. उरलेलं पहिल्या पावसानं झाकलं.

आजोबा तेव्हा थकले होते, पण काठी टेकत रोज किनाऱ्यापर्यंत यायचे. पोती उचलणाऱ्या माणसांकडे बघत एकदा त्यांनी माझ्या काकांना विचारलं, इथं आलं ते भरलं, पण बाहेर जो श्वास घ्यायला वर येतो त्याच्यासाठी कोण गेलं? काकांकडे उत्तर नव्हतं.

त्यांचा प्रश्न किती नेमका होता ते मला फार उशिरा कळलं. तेल सांडलं की आपलं लक्ष किनाऱ्याकडे जातं. काळे पक्षी, काळी वाळू, काळे खडक. देवमाशाचं नुकसान होतं ते हवेत. कच्च्या तेलातला हलका भाग पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातो. त्यात बेंझिन, टोल्युइन असे विषारी वायू असतात आणि ते तवंगाच्या लगेच वर, वीतभर-हातभर उंचीवर, सर्वांत दाट असतात. देवमाशाचं नाक डोक्यावर. तो नेमकी तीच हवा घेतो. आपण एका श्वासात फुप्फुसातली दहा-पंधरा टक्के हवा बदलतो. देवमासे आणि डॉल्फिन ऐंशी-नव्वद टक्के बदलतात आणि मग ती छातीत धरून खोल जातात. मुंबई हायचं तेल हलकं. किनाऱ्याच्या दृष्टीनं हे बरं, कारण बरंचसं वाटेतच उडतं. श्वास घ्यायला वर येणाऱ्याच्या दृष्टीनं हेच वाईट. शिवाय ब्राइड्स नि हंपबॅक या दोघांना दात नसतात. वरच्या जबड्यातून झालरी लोंबतात, तोंडभर पाणी घेऊन त्या झालरींतून ते बाहेर सोडतात आणि आतली तारली, कोळंबीसारखे जीव गिळतात. पाण्यात तेलाची साय असेल तर ती त्या झालरींना धरते आणि घासाबरोबर पोटात जाते.

आणि हे सगळं आपल्याला दिसत नाही. मेलेला देवमासा बहुधा बुडतो. किनाऱ्याला लागतो तो एखादा. म्हणून तेल सांडल्यावर 'देवमाशांना काही झाल्याचं आढळलं नाही' असं जेव्हा कागदावर येतं तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कुणी बघायला गेलं नव्हतं.

जिथे बघणारे होते तिथलं चित्र वेगळं आहे. अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये २४ मार्च १९८९ ला 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे टँकर खडकावर चढलं. तिथल्या ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, एकेक करून ओळखणारे अभ्यासक त्याआधीपासून काम करत होते, म्हणून हिशेब लागला. एका टोळीत, तिला एटी-वन म्हणतात, २२ जनावरं होती. त्यातली नऊ पुढच्या वर्षभरात नाहीशी झाली. त्या टोळीत १९८४ नंतर एकही पिल्लू जन्मलेलं नाही. आज सातेक उरली आहेत आणि ती वृद्ध होत चालली आहेत. ती गेली की ती बोली बोलणारं कुणी राहणार नाही, कारण ऑर्कांच्या प्रत्येक टोळीचे आवाज वेगळे असतात.

मेक्सिकोच्या आखातातली गोष्ट मला याहून जास्त लागते. २० एप्रिल २०१० ला 'डीपवॉटर होरायझन' फुटलं, अकरा माणसं गेली आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. आखाताच्या ईशान्य कोपऱ्यात ब्राइड्ससारखे दिसणारे थोडेसे देवमासे राहत होते. त्यांच्या जवळजवळ निम्म्या घरावर तेल पसरलं. सरकारी अभ्यासाच्या अंदाजानुसार त्यांची संख्या २२ टक्क्यांनी घटेल इतकं ते नुकसान होतं. पुढे २०२१ मध्ये ध्यानात आलं की ते ब्राइड्स नव्हतेच, पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नसलेली ती स्वतंत्र जात होती. तिला राइस देवमासा हे नाव मिळालं. आज ते पन्नासच्या आसपास आहेत. तेल त्यांच्यावर आलं तेव्हा ते कोण आहेत हेही माणसाला माहीत नव्हतं. आपल्या समोरच्या पाण्यात तीन वरंब्यांचा जो फिरतो त्याच्याबद्दल आपल्याला तरी असं किती माहीत आहे?

माझे धाकटे काका मासेमारी सोडून तिकडे गेले, दिव्यांकडे. तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या एका जहाजावर ते स्वयंपाकी होते. त्यांच्याकडे तिसऱ्या काळाच्या गोष्टी आहेत. ते म्हणतात, त्या लोखंडी पायांभोवती मासळी इतकी दाटते की वरून पाणी हललेलं दिसतं. सुरक्षेसाठी पाचशे मीटरच्या आत कुठल्याही बोटीला येऊ देत नाहीत, म्हणून ती मासळी निवांत असते. तिच्या मागे डॉल्फिन येतात आणि काकांनी दोनदा पाठ पाहिली होती, काळी, लांब, 'बाबा सांगायचे त्यातली पहिली जात'. जिथं धोका सर्वांत जास्त तिथंच चारा सर्वांत जास्त, हे त्यांनी कुठं वाचलेलं नव्हतं.

२७ जुलै २००५ बद्दल ते फार बोलत नाहीत. आदल्या दिवशी मुंबई पाण्याखाली गेली होती. 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका आचाऱ्याची बोटं कापली गेली होती. हवा वाईट म्हणून हेलिकॉप्टर मिळेना, तेव्हा जखमीला मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर चढवायला ते जहाज जवळ आलं. लाटांवर हेलकावून ते तेलाच्या उभ्या नळ्यांवर आदळलं आणि आग लागली. दोन तासांत सबंध फलाट कोसळला. २२ माणसं गेली, साडेतीनशेहून जास्त वाचली. काका दुसऱ्या जहाजावर होते, त्यांना धूर दिसला. ते म्हणतात, तिथं कुणी निष्काळजी नव्हतं, एका माणसाची बोटं वाचवायला निघालेली माणसं होती ती. मला हे महत्त्वाचं वाटतं. समुद्रात लोखंड उभं केलं की खवळलेला दिवस कधीतरी येणारच. सगळ्यांनी सगळं नीट केलं तरी येणार. त्यामुळे देवमाशांच्या रक्षणाची सगळी भिस्त 'अपघात होणार नाही' या आश्वासनावर ठेवता येत नाही.

ती 'झाल्यावर साफ करू' यावरही ठेवता येत नाही. आपल्याकडे १९९६ पासून तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्कालीन आराखडा आहे, तटरक्षक दल त्याचं नेतृत्व करतं, त्यांची खास जहाजं आहेत आणि ती माणसं जीव तोडून काम करतात. पण तेल अडवायचे तरंगते कठडे मीटर-दीड मीटरच्या लाटांपुढे निकामी होतात, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. जगभरचा अनुभव असा की मोठ्या गळतीत समुद्रावरून परत गोळा होणारं तेल दहा-पंधरा टक्क्यांपुढे क्वचितच जातं. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, शेकडो टन तेल सांडलं, कंटेनर वाहत गेले, अलिबाग-उरणपर्यंत खारफुटी काळी पडली. मुंबईत कितीतरी दिवस कुणी मासळी घेईना. आत्या तेव्हा टोपली घेऊन बाजारात बसायची. गिऱ्हाईक मासा हातात घेऊन नाकाला लावायचं आणि परत ठेवायचं.

आणि या मोठ्या घटनांच्या मधल्या काळातही तेल येतच असतं. पावसाच्या तोंडाशी नि पावसात आमच्या किनाऱ्यावर, खाली सिंधुदुर्गात, गोव्यात डांबराचे गोळे लागतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं अशा गोळ्यांची रासायनिक ओळख पटवली, तेव्हा काही टँकर धुतलेल्या पाण्यातले निघाले, काही मुंबई हायच्या तेलाशी जुळले. किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांना ते तळव्याला चिकटेपर्यंत दिसत नाहीत.

जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला, जिवंत. आत्या एसटीनं गेली पाहायला. लोकांनी दोर लावले, ढकललं, पाणी ओतलं. तो परत गेला नाही. तो तेलानं आला असं कुणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. देवमासे किनाऱ्याला लागण्याची कारणं अनेक असतात. आत्या घरी येऊन म्हणाली, माणसं चांगली होती, पण सगळी शेवटच्या तासाला आली. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला एका पिल्लासाठी लोक असेच दिवसरात्र झटले, ते ओढून खोल पाण्यातही नेलं, तरी ते वाचलं नाही. तेव्हा मला आत्याचं बोलणं आठवलं.

शेवटच्या तासाच्या आधी काय करायचं, याचं उत्तर माझ्या आजोबांच्या काकांनी वीस वाव पाण्यात दिलेलं आहे. जाळी उचलायची, कारण ती त्याची वाट आहे. हे फक्त भाविकपणाचं बोलणं नाही. जगात एका ठिकाणी तेलवाल्यांनी अगदी हेच केलेलं आहे. रशियाच्या सखालिन बेटाच्या ईशान्येला पश्चिम पॅसिफिकमधले करडे देवमासे उन्हाळ्यात चरायला येतात. एकेकाळी ते संपलेच असं मानलं होतं. २००४ च्या सुमारास ते ११५ होते. त्यांच्या चराईच्या जागेतूनच सखालिन-२ प्रकल्पाची तेलवाहिनी जाणार होती. स्वतंत्र शास्त्रज्ञांचा अहवाल आला, संघटनांनी आवाज उठवला, कर्ज देणाऱ्या बँकांनी प्रश्न विचारले, आणि २००५ मध्ये कंपनीनं वाहिनीचा मार्ग सुमारे वीस किलोमीटर दक्षिणेला सरकवला. त्यानंतर आययूसीएनचं एक शास्त्रीय मंडळ बसलं. समुद्रतळ तपासायला हवेच्या स्फोटांचे जे प्रचंड आवाज करतात, तेही बहुतेक देवमासे पोचायच्या आधी, हंगामाच्या सुरुवातीला उरकायचे असं ठरलं. २०१५ पर्यंत संख्या १७४ झाली. सगळी वाढ त्या वळणामुळे झाली असं नाही, शिकार थांबल्याचं फळही त्यात आहे. पण तेल निघत राहिलं आणि देवमासेही वाढले, हे दोन्ही एकाच समुद्रात घडलं.

अरबी समुद्रात यातलं काय करता येईल? पुष्कळ. नवी विहीर, नवी वाहिनी, नवी तपासणी ठरवण्याआधी त्या पाण्यात वर्षभर, पावसाळ्यातही, ध्वनियंत्रं ठेवून कोण गातं ते ऐकायचं. चराईच्या नि पिल्लांच्या महिन्यांत स्फोटांची तपासणी बंद. जुन्या झालेल्या वाहिन्या फुटायची वाट न बघता बदलायच्या. मुंबई हायला आता पन्नास वर्षं झाली आहेत आणि समुद्राचं पाणी लोखंडाला सोडत नाही. टँकरांची वाट देवमाशांच्या वाटेवरून जात असेल तर ती सरकवायची किंवा वेग कमी करायचा. तेलगळतीच्या सरावात किनाऱ्याबरोबर श्वास घेणाऱ्या जनावरांचाही विचार करायचा, आणि गळतीच्या पहिल्याच दिवशी विमानातून त्यांचा शोध घ्यायचा. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अरबी समुद्रातल्या हंपबॅकचं नाव संकटातल्या प्राण्यांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात घातलं. देवमासे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या बरोबरीला आहेत. वाघाच्या जंगलातून रस्ता जायचा म्हटलं तर देशभर चर्चा होते. देवमाशाच्या पाण्यातून वाहिनी जाते तेव्हाही ती व्हायला हवी.

खर्चाचं कुणी बोलायला लागलं की मला एक सरकारी निर्णय आठवतो. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमारानं जाळं कापून त्याला सोडलं तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. खूप कासवं, बहिरी म्हणजे व्हेल शार्क, डॉल्फिन त्यामुळे सुटले आहेत. आजोबांच्या काकांनी ते स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन केलं. आता त्याचा भार थोडा सरकार उचलतं. जाळंवाल्यानं वाट सोडावी हे आपण मान्य केलं आहे. नळवाल्यानंही सोडावी, एवढंच माझं मागणं आहे, आणि त्याची ऐपत जाळंवाल्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

माझा भाचा सध्या घरची बोट चालवतो. तो जीपीएसच्या पिढीतला. त्याच्या डोक्यात गेल्या वर्षी एक कल्पना आली आणि ती मला फार मोलाची वाटते. म्हातारी मंडळी जागा सांगताना दोन खुणा सांगतात: अमुक डोंगराचा माथा तमुक देवळाच्या रेषेत आला आणि इतके वाव पाणी लागलं की ती जागा. त्यानं कोळीवाड्यातल्या उरलेल्या म्हाताऱ्यांना गाठून देवमासे दिसल्याच्या अशा जागा विचारल्या, स्वतः बोट घेऊन त्या रेषांवर गेला आणि आकडे उतरवले. महिना, पाण्याची खोली, कोणती जात, तीन वरंब्यांची की लांब हातांची. आता समोर फवारा दिसला की तो मशीन मंद करून व्हिडिओ घेतो, जागा नोंदतो आणि देवमाशांवर काम करणाऱ्या अभ्यासकांना पाठवतो. वहीतल्या जुन्या जागा आणि मोबाइलमधल्या नव्या जागा तो आता एका कागदावर आणतो आहे. त्याच कागदावर तेलवाहिन्या नि जहाजांच्या वाटा काढायच्या आणि किनाऱ्यावर जनसुनावणी होईल तेव्हा तो पुढे ठेवायचा, असं त्याच्या मनात आहे.

परवा तो कागद आत्याला दाखवायला आणला. तिनं चष्मा लावून पुष्कळ वेळ बघितला आणि म्हणाली की बाबांच्या दोन जागा यात नाहीत. एक राजपुरीच्या खाडीसमोरची, माघातली. दुसरी बोर्लीच्या बाहेरची, ती कुठल्या डोंगराच्या रेषेत ते तिला आठवतं. भाच्यानं पेन उघडलं. "थांब, घाई नको करू," ती म्हणाली, "आधी बोर्लीची घे. तिथं पिल्लू होतं बरोबर."